पंगतीच्या पहिल्या टोकाला

मीनाक्षी तोडकरच्या हॉलची समोरची भिंत ज्या सोमवारी दिसेनाशी झाली, त्या दिवशीही तिनं नेहमीसारखा चहा केला. कप घेऊन ती पाटावर बसली आणि पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाला म्हणाली, "तुम्हाला पलीकडची भिंत दिसते का हो?"

"नाही मॅडम," तो म्हणाला. "पण तुमच्याशी जोडला गेलो याचा आनंद आहे."

सगळे हेच म्हणत. त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मीनाक्षीनं त्याला थोडी साखर हवी का विचारलं आणि विषय सोडून दिला.

सांगलीत विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावरचा तो फ्लॅट. हॉल मुळात एवढासा, की सोफा घेतला तर टीपॉयला जागा नाही आणि टीपॉय घेतला तर पाहुण्यांना. म्हणून नवरा-बायकोंनी दोन्ही घेतलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मीनाक्षीनं फोनवर ती कामाची साइट उघडली. नोकरी-धंद्यातल्या माणसांनी एकमेकांच्या ओळखी ठेवायच्या, गरज पडली तर एकमेकांना विचारायचं, अशी ती साइट. कुणी ओळख मागितली की ती ‘मान्य’ दाबायची. मग थोड्या वेळानं बेल वाजायची, तो माणूस आत यायचा, भिंतीकडेच्या पाटावर मांडी घालून बसायचा आणि त्याच्यापुढे केळीचं पान मांडलं जायचं. बादली घेतलेला एक वाढपी स्वयंपाकघरातून येऊन आमटी वाढू लागायचा. हा वाढपी कोण, हे तिनं कधी विचारलं नाही. लग्नात तरी वाढप्याला कोण विचारतं.

तिला यात वावगं काही वाटलं नव्हतं. ओळख म्हणजे शेवटी एका पंगतीला बसणंच.

पहिले आठ जण मात्र खरोखर जेवायला बसल्यासारखे बसले होते. पंपांची दुरुस्ती करणारे आप्पासाहेब मगदूम, फाउंड्रीत साचे बघणाऱ्या शालनताई आणि अगदी पहिल्या पाटावर दस्तगीर मुजावर. मुजावर साहेब साखर कारखान्यातले देखभाल विभागाचे निवृत्त प्रमुख, मीनाक्षीचे तिथले वरिष्ठ. कुणीतरी घास घेता घेता म्हणायचं, "आमचा एक पंप तापतोय बघा," आणि मगदूम भात कालवता कालवता म्हणायचे, "आधी शाफ्ट सरळ आहे का बघा, मग पंपाला शिव्या घाला." त्या वेळी आमटी दाट होती. पानावर पडली की जागची हलत नसे. मीनाक्षी या आठांकडून जेवढं शिकली तेवढं कॉलेजात शिकली नव्हती, आणि हे ती कुणालाही न विचारता सांगायची.

पंगतीचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. एकदा जेवायला बसलं की शेवटच्या माणसाचं जेवण झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. मधेच उठला तर पंगत मोडली, आणि पंगत मोडणाऱ्याला सांगली काय, कुठलंच गाव माफ करत नाही.

पुढे ती साइट भलतीच चालली. कॉलेजची पोरं आली, पोरांना शिकवणारे आले, शिकवणाऱ्यांना शिकवणारे आले. ज्यांना नोकरी हवी होती ते आले, ज्यांना कंटाळा आला होता तेही आले. कुणी यशाचा मार्गदर्शक होता, कुणी परिवर्तनाचा शिल्पकार. काय करता विचारलं तर दोघंही हसायचे. मीनाक्षी प्रत्येकाला ‘मान्य’ करत गेली. दारात आलेल्याला ‘तुम्ही नको’ कसं म्हणायचं, हे तिला तिच्या आईनं शिकवलंच नव्हतं. नवा माणूस नेहमी तिच्या शेजारी बसे, आणि जुने एकेक पाट पलीकडे सरकत. त्यामुळे जे तिला सगळ्यात नीट ओळखत होते तेच सगळ्यात लांब गेले.

पंगतीला जागा पुरावी म्हणून हॉल लांबत होता. पण घर तेवढंच होतं. कणकेचा गोळा ओढला की लांब होतो आणि बारीकही होतो, तसं हॉलचं झालं. रुंदी कमी झाली, मग छत खाली यायला लागलं. नंदकुमारनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, आधी पंखा काढला आणि माळ्यावर ठेवला. पुढे माळाही राहिला नाही.

नंदकुमारची मोटार शिकवायची शाळा आहे. नियम तोंडपाठ असलेला माणूस, आणि सहसा कशाचं आश्चर्य न वाटणारा. रोज सकाळी कामाला जाताना तो वाकून दाराशी आपल्या चपला शोधी. एकदा तो म्हणाला, "अगं, एक गंमत बघितलीस का? आत एवढी माणसं, आणि दारात पाहुण्यांच्या चपला आठच जोड."

तिनं येऊन बघितलं. खरंच होतं. शालनताईंच्या निळ्या पट्ट्याच्या चपला होत्या, मगदूमांचे टाच झिजलेले बूट होते, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या मुजावर साहेबांच्या कोल्हापुरी वहाणा होत्या. बाकीच्यांनी दारात काहीच काढलं नव्हतं.

"बाकीचे अनवाणी आले असतील," ती म्हणाली.

"असतील," नंदकुमार म्हणाला आणि शाळेत गेला.

आमटी पातळ होत गेली ती याच सुमारास. बादली तीच, वाढपी तोच, पानं मात्र वाढतच होती. तो बिचारा प्रत्येक फेरीला तांब्याभर पाणी ओतायचा. पंगतीत मात्र आग्रहाला ऊत आला होता. शेजारचा मीनाक्षीच्या पानावर ‘नेतृत्वगुण’ वाढायचा, नको नको म्हटलं तरी ‘संघभावना’ वाढायचा, आणि मग आशेनं तिच्याकडे बघत बसायचा. आग्रहाची परतफेड आग्रहानं करावी लागते. मग तीही त्याच्या पानावर ‘दूरदृष्टी’ वाढायची. त्याची दृष्टी जवळचीसुद्धा कशी आहे हे तिला ठाऊक नव्हतं. अहो रूपं अहो ध्वनि, असा तो सगळा मामला होता. पानं शिगोशीग भरली होती आणि कुणाचंच पोट भरत नव्हतं.

हे असंच चालू राहिलं असतं. पण दिवाळीनंतर कारखान्यानं देखभालीचं काम बाहेरच्या कंत्राटदाराला दिलं आणि मीनाक्षीची नोकरी गेली.

तिचं काम यंत्रं ऐकण्याचं होतं. हातभर लांबीची पोलादी कांब, एका टोकाला लाकडी मूठ. कांबीचं टोक यंत्रावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, आणि आत काय दुखतंय ते ऐकायचं. पुढे मोजायची उपकरणं आली, ती तिनं शिकून घेतली, पण कांब सोडली नाही. ती कांब मुजावर साहेबांनी निवृत्त होताना तिच्या हातात ठेवली होती.

या कामाची एक अडचण आहे. ते चांगलं झालं तर काहीच होत नाही. गिअर तुटत नाही, माणूस जखमी होत नाही, गाळप थांबत नाही. जे घडलंच नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा? तो फक्त एखाद्या माणसाकडे असतो, ज्यानं त्या दिवशी तिथं उभं राहून पाहिलेलं असतं. मीनाक्षीकडे हजारो ओळखी होत्या आणि असा माणूस एक होता. तो पंगतीच्या पहिल्या टोकाला बसला होता, जिथली आता भिंतसुद्धा दिसत नव्हती.

चार महिने ती घरात बसून होती. घर कसंबसं चालत होतं, त्याची तिला एवढी चिंता नव्हती. चिंता कानाची होती. फ्रिजची घरघर ऐकून ती दचकायची, आणि मग लक्षात यायचं की हल्ली ती फक्त फ्रिजच ऐकते. अजून एक वर्ष असं गेलं तर यंत्रं आपल्याशी बोलणं सोडतील, ही भीती तिनं नंदकुमारला बोलून दाखवली. त्यानं तिला वेड्यात काढलं नाही, याचं तिला फार बरं वाटलं.

भिंत दिसेनाशी झाल्यानंतरच्या गुरुवारी, दुपारी, नंदकुमार जेवायला आला तो दारातूनच म्हणाला, "आज नववा जोड आहे. तपकिरी बूट, नुकतंच पॉलिश केलेले."

मीनाक्षीनं शेजारी बघितलं. नवा माणूस बसला होता. पन्नाशीचा, शर्टाच्या खिशाला पेन, मनगटाजवळ ग्रीसचा एक जुना डाग. त्यानं आनंद वगैरे काही झाला म्हणून सांगितलं नाही.

"मी विश्वनाथ शेटे," तो म्हणाला. "वाळव्याकडे नवा कागद कारखाना उभा राहतोय. रोलर मोठे आहेत. ऐकणारं माणूस हवंय."

"मी ऐकते," मीनाक्षी म्हणाली.

"तसं सगळेच लिहितात." त्यानं तिच्या पानाकडे बघितलं. "मी चाखलं तर चालेल?"

तिनं पान पुढे सरकवलं. शेट्यांनी ‘नेतृत्वगुण’ बोटावर घेतले आणि जिभेला लावले. मग ‘संघभावना’ चाखली. मग पेल्यातलं पाणी पिऊन म्हणाले, "कशालाच मीठ नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"रागावू नका. सगळ्यांच्या पानावर हेच आहे. मी सकाळपासून सात घरी बसून आलो." त्यांनी भाताचं आळं केलं. "तुमचं काम डोळ्यांनी बघितलेला एक माणूस मला द्या. एक पुरे. माझा ताकभात होईपर्यंत मी आहे. मग उठणार."

"पंगत मोडेल," शेजारून कुणीतरी म्हणालं.

"शेवटी मीच बसलोय," शेटे म्हणाले. "माझं झालं की माझी पंगत झाली."

वाढपी ताकाची कासंडी घेऊन आला होता.

मीनाक्षीनं आधी फोन लावला. मुजावर साहेबांचा नंबर तिला पाठ होता, पण फोन साइटनंच उचलला. एक गोड आवाज म्हणाला, "दस्तगीर मुजावर यांना आपली आठवण कळवण्यात आली आहे. आणखी चाळीस जण आपल्याला माहीत असतील." तिनं फोन ठेवला. मग पलीकडच्या माणसाला सांगितलं, "ओळीतून निरोप द्या. म्हणावं, मुजावर साहेबांना मीनाक्षीनं बोलावलंय." निरोप तोंडातोंडी निघाला. थोड्याच वेळात ओळीतून उत्तर परत आलं. ते होतं, "अभिनंदन." पाठोपाठ दुसरं आलं. तेही "अभिनंदन"च होतं.

शेट्यांनी ताक भातावर ओतून घेतलं.

तेव्हा तिनं पाटामागून कांब काढली, टोक फरशीवर टेकवलं आणि मूठ कानाशी धरली. दाराशी ताट घेऊन जेवायला बसलेला नंदकुमार हातातली पोळी तशीच धरून बघत राहिला.

फरशीत हजारो माणसं होती. चघळणं, पाटांची कुरकुर, घोट, आणि या सगळ्याखाली आग्रहाची एक सततची गुणगुण. ती एकेक आवाज बाजूला काढत गेली. कारखान्यात ती हेच करायची. ऊस पिळणाऱ्या गिरणीचा आवाज वेगळा काढायचा, मग पट्ट्याचा, मग पंख्याचा, आणि उरेल ते ऐकायचं. सगळं काढून झाल्यावर फार लांबून एक आवाज उरला. कुणीतरी आमटी ओरपत होतं. भुरका मारताना शेवटी जरा शीळ यायची. अशी आमटी सगळ्या जिल्ह्यात एकच माणूस खात होता.

"आहेत," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं तिला सुचलं नाही.

तिनं कांबीनं फरशीवर दोन ठोके दिले. गाळपाच्या गोंगाटात हाक ऐकू जात नाही, म्हणून तिथे लोखंडावर ठोके द्यायची पद्धत आहे. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे चालू. भुरका थांबला. आणि मग लांबून, फरशीच्या पोटातून, दोन ठोके परत आले.

शेट्यांनी घास खाली ठेवला होता. "एक थांब, दोन चालू," ते म्हणाले. "आमच्याकडेही तेच."

"मी त्यांच्याकडे जाऊन येते," मीनाक्षी म्हणाली. "परत निघताना ठोके देईन. तुम्ही कान या फरशीवर ठेवाल?"

"ताकभात होईपर्यंत ठेवतो," शेटे म्हणाले. "पण जाल कशा? पंगतीतून उठता येत नाही."

तिनं वर बघितलं. छत आता बसलेल्या माणसाच्या डोक्यापासून वीतभर उरलं होतं. नियम पाळायचा म्हटला तरी आणि मोडायचा म्हटला तरी इथे कुणाला उभं राहता येणार नव्हतं. ती नवऱ्याकडे बघायला लागली. नियमांच्या बाबतीत घरात त्याचाच शब्द शेवटचा असे.

नंदकुमारनं पोळी ताटात ठेवून विचार केला. "तू रांगत जा," तो म्हणाला. "रांगणाऱ्या माणसाला उठलेला धरत नाहीत. मी बसतो तुझ्या पाटावर. पाट रिकामा दिसायला नको."

आणि हा मोठा माणूस, ज्याला मांडी घालणं डॉक्टरांनी मना केलं होतं, तो खरोखर तिच्या पाटावर मांडी घालून बसला. मीनाक्षीला लग्नाच्या वीस वर्षांत त्याचं एवढं कौतुक कधी वाटलं नव्हतं. "येते हं," ती म्हणाली आणि कांब घेऊन पाठींच्या मागून रांगत निघाली.

वाट अरुंद होती. माणसं मांड्या आखडून तिला जागा देत होती. यशाचे मार्गदर्शक सरकले, परिवर्तनाचे शिल्पकारही सरकले. जिथून ती जाई तिथून "छान वाटचाल", "अशीच पुढे जा" असं ऐकू येई, आणि ती प्रत्येकाला "हो, हो" म्हणत जाई. अति तिथं माती म्हणतात ते खरं, पण माणसं वाईट नव्हती. कुणाच्या नावापुढे केवढंही लिहिलेलं असो, गुडघे सगळ्यांचे अवघडले होते.

बऱ्याच अंतरावर एक मुलगी तिला जागा देताना काहीच म्हणाली नाही. नुसती बघत राहिली. मीनाक्षी पुढे गेली आणि परत मागे आली.

"तू का गप्प?"

"तुम्ही कुणाला तरी शोधत निघालाय ना," मुलगी म्हणाली. "मी तेच बघत होते. माझ्याकडं अजून कुणी असं आलं नाही. दीड वर्ष झालं बसून."

"नाव काय तुझं?"

"प्राजक्ता वाघमोडे. सांगोल्याची. तुम्हीच मान्य केलं होतं मला."

मीनाक्षीला ते आठवत नव्हतं. तिला वाईट वाटलं, आणि ती तसं म्हणाली. मग, पंगतीत कुणीच कुणाला विचारत नसे ते तिनं विचारलं. "काम काय करतेस?"

"सूतगिरणीत धागा ओढून बघते. कुठं तुटतो ते." मग मुलीनंही विचारलं, "तुम्ही?"

"मी यंत्रं ऐकते."

"कशानं?"

मीनाक्षीनं कांबीचं टोक फरशीवर टेकवलं आणि मूठ तिच्या कानाशी धरली. मुलीनं आधी कपाळाला आठी घातली. मग तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. "कुणीतरी आमटी भुरकतंय," ती म्हणाली.

"तेच माझे साहेब. तू कान इथे खाली ठेवून रहा. साहेब निघाले की ठोके येतील."

प्राजक्तानं पान बाजूला सारलं, वाकली आणि कान फरशीला लावला. मीनाक्षी तिच्या पाठीवर हात फिरवून पुढे निघाली.

नंतर किती रांगलं याचा तिनं हिशेब ठेवला नाही. एकदम तिच्या पाठीवर वारा आला. तिनं वर बघितलं तर छत पूर्वीएवढं उंच होतं आणि त्याला त्यांचा जुना पंखा फिरत होता, नंदकुमारनं काढून ठेवलेला. समोर भिंत होती. त्या भिंतीवर तिनंच ठोकलेला कॅलेंडरचा खिळा होता. हॉल या टोकाला काही लांबलाच नव्हता. आठ पाट होते, आठ पानं होती, आणि पानांवरची आमटी जागची हलत नव्हती.

मीनाक्षी उभी राहिली. पाठ सरळ करताना तिचा प्रत्येक मणका वाजला.

"आलीस होय?" मुजावर साहेब म्हणाले. "केवढी लांब राहायला गेलीस गं."

"मी कुठे गेले, साहेब. तुम्हीच सरकलात."

"आम्ही इथंच बसलोय. विचार या शालनबाईला."

शालनताईंनी मान हलवली आणि बाजूला सरकून तिला जागा केली. मगदूमांनी स्वतःच्या पानावरची लिंबाची फोड तिच्यासाठी काढून ठेवली. त्या आठांपैकी कुणीही तिचं अभिनंदन केलं नाही. मीनाक्षीच्या पुढ्यात पान आलं, वाढप्यानं आमटी वाढली आणि तिनं पहिला भुरका मारला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला तोंडात मीठ लागलं, आणि ती रडायला लागली.

"तिखट झालीय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "साहेब, मला तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या वर्षी भर हंगामात तुम्ही माझ्या शब्दावर गिरणी थांबवलीत. मी नवी होते. ऊस भरलेल्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. सगळे तुमच्यावर ओरडत होते. मी एक ठोका दिला आणि तुम्ही काही न विचारता हात वर केलात. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलंच नाही. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी मी नुसता हार घातला. मी आज जी आहे ती त्या हातामुळे आहे."

साहेबांनी पानावरचा भात सारखा केला. "बेअरिंग फुटलेलंच होतं की," ते म्हणाले. "उघडल्यावर माझ्या हातात आला तुकडा. मी काय उपकार केले?"

"तुम्ही उघडायच्या आधी थांबवली होतीत."

"बरं बाई. आता आमटी घे, निवतीय."

तिनं घेतली. मग शेट्यांचं सगळं सांगितलं, ताकभाताचंही. साहेबांनी पंगतीचा नियम विसरून लगेच पाटावर हात टेकला आणि उठायला बघितलं. उभे राहिले, दोन पावलं टाकली आणि जिथून छत खाली उतरत होतं तिथे थांबले. पुढे पंगत काळोखात अरुंद होत गेली होती.

"रांगायचं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"गुडघे नवीन बसवलेत, पोरी. दोन्ही. चालायला झकास आहेत, पण टेकवता येत नाहीत. मशिदीतबी खुर्चीवर बसतो." ते परत फिरले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मीनाक्षीलाच त्यांची समजूत घालावीशी वाटली.

"असू दे, साहेब," ती म्हणाली. "भेट झाली. मला तेवढं पुरे."

"तुला पुरे असंल," साहेब म्हणाले. "मला नाही. कांब आणलीस का?"

तिनं कांब दिली. साहेब पाटावर बसले, कांबीचं टोक दोन फरश्यांच्या सांध्यावर टेकवलं, तळहातानं मूठ पुसली, जशी ते पूर्वी पुसत, आणि कान लावायच्या जागी तोंड लावलं. शालनताईंनी वाढप्याला खुणेनं थांबवलं.

साहेबांनी आवाज चढवला नाही. जेवढा लागतो तेवढाच लावला. "मी दस्तगीर मुजावर. ही बाई थांब म्हणाली म्हणून मी भर हंगामात गिरणी थांबवली होती. उद्या पुन्हा म्हणाली तर पुन्हा थांबवीन."

एवढंच. त्यांनी तोंड पुसलं.

मीनाक्षी ओळीकडे बघत होती. आधी काहीच झालं नाही. मग आठांच्या पलीकडचा पहिला माणूस, ज्याच्या नावापुढे बरंच काही लिहिलेलं होतं, तो घास घेता घेता थबकला. त्याला मांडीखालून काहीतरी लागलं असावं. तो वाकला आणि त्यानं कान फरशीला लावला. त्याच्या पलीकडची बाई वाकली. मग तिच्या पलीकडचा. एकेक डोकं खाली जात होतं. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं, त्यामुळे कुणाला त्यात भर घालताही येत नव्हती. ज्याच्या कानाखालून वाक्य जाई तो तसाच वाकलेला राही. लांबवर मीनाक्षीला वाटलं की एक डोकं आधीपासूनच खाली आहे, आणि ती प्राजक्ता असावी. तिच्याही पुढे डोकी वाकत गेली, मग अंधार होता, आणि अंधारातही वाकणं चालू असल्याचं पाटांच्या कुरकुरीवरून कळत होतं. ज्यांची नावं तिला कधी पाठ झाली नव्हती अशी ती सगळी माणसं. एवढ्या लांबवर वाक्य नेणारं दुसरं काही तिच्याकडे नव्हतं. तिनं ओळीकडे बघून हात जोडले.

"किती लांब आहे गं?" साहेबांनी विचारलं.

"मी दोन वर्षं मान्य करत होते," ती म्हणाली.

"मग लागंल वेळ."

मगदूमांनी पंखा बंद केला. कुणी भुरका मारला नाही. मीनाक्षीनं कांब घेतली, गुडघ्यावर बसली आणि मूठ कानाशी धरली. चघळणं थांबलं होतं. आग्रह थांबला होता. सगळी फरशी आवाजाविना स्वच्छ पडली होती, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला नंदकुमार तिच्या पाटावर दुखरी मांडी घालून बसला असणार, त्याच्या शेजारी एक माणूस ताकभाताचा शेवटचा घास हातात घेऊन.

तिच्या फोनवर कुणीतरी ओळख मागितली. तिनं तो पालथा घातला.

तेवढ्यात फरशीतून, शेट्यांच्या टोकाकडून, एक ठोका आला.

तो आठांनाही ऐकू गेला, कांबीशिवाय. शालनताईंनी मीनाक्षीचा हात धरला. मुजावर साहेबांचा घास पानाच्या वर, तोंडाच्या खाली, होता तिथेच राहिला.

"हलू नको," ते म्हणाले. "दुसरा येतो का ऐक."

मीनाक्षीनं डोळे मिटले. ओळीतलं एकही डोकं अजून वर आलं नव्हतं.